पिवळी पाटी आणि पुढची टोपली : जपानी गल्लीतल्या 'केइ'ची पार्श्वभूमी

तोक्योतल्या सेतागायाच्या अरुंद गल्ल्यांत दोन वाहनं हमखास भेटतात. एक, पिवळ्या नंबरप्लेटची उंच, खोक्यासारखी छोटी मोटार. दुसरं, पुढे टोपली आणि मागे मूल बसवलेली सायकल. जपानी कायद्यात दोन्हींच्या नावाची सुरुवात एकाच अक्षराने होते: 'केइ', म्हणजे हलकं. मोटार ती केइजिदोशा, सायकल ती केइशार्यो. घोळ इथूनच सुरू होतो.

केइजिदोशा हलकीच असावी अशी अट नाही. मापं आहेत ती लांबी-रुंदी-उंचीची आणि इंजिनाची. 1949 साली हा वर्ग ठरला तेव्हा इंजिन होतं 150 सीसीचं. पुढे ते 360, 1976 मध्ये 550 आणि 1990 मध्ये 660 सीसी झालं. 1998 पासून लांबी 3.40 आणि रुंदी 1.48 मीटर. आज यातल्या उंच गाड्या टनाच्या आसपास भरतात, नाव मात्र हलकंच. पिवळी पाटी 1975 पासूनची. ती किती जणांना खुपत होती हे 2017 मध्ये दिसलं: रग्बी विश्वचषकाची स्मृतिपाटी केइ गाड्यांनाही मोठ्या मोटारींसारखी पांढरी मिळते म्हटल्यावर, रग्बीशी देणंघेणं नसलेल्यांनीही ती लावून घेतली. आपली मारुती ओम्नी याच कुळातली. आपल्याकडे तिला 796 सीसीचं इंजिन मिळालं, एवढाच फरक.

केइशार्योची कथा अधिक गुंतागुंतीची. 1960 च्या वाहतूक कायद्यात या शब्दाखाली सायकल, हातगाडी, घसरगाडी, इतकंच काय, बैल आणि घोडेही येतात. म्हणजे सायकल हे वाहन, आणि वाहनाची जागा रस्त्यावर. मग ती फुटपाथवर चढली कशी?

1970 मध्ये जपानात रस्ते अपघातांत 16,765 माणसं मेली. त्याच वर्षी कायदा बदलून, जिथे तशी पाटी असेल त्या फुटपाथवर सायकलला परवानगी दिली गेली. 1978 मध्ये आणखी तपशील आले: सायकल हळू चालवायची, रस्त्याकडच्या बाजूने, आणि पायी चालणाऱ्याची अडचण होत असेल तर थांबायचं. कागदावर ही तात्पुरती सोय होती. खरं पाहता मोटारींना रस्ता मोकळा करून दिला आणि त्याला सुरक्षा म्हटलं. सायकलसाठी वेगळी पट्टी आखण्याची निकड त्यामुळे संपली ती बरीच वर्षं. फुटपाथवर हळू चालवायची, तर ताठ बसायची, जड, टोपलीची 'मामाचारी', म्हणजे आईची सायकल, पुरेशी होती. दोन पिढ्या हेच पाहत वाढल्या की सायकलची जागा फुटपाथच.

नंतरच्या दुरुस्त्या या सवयीशी झटापट करण्यातच गेल्या. 2008 पासून 13 वर्षांखालची मुलं आणि 70 वर्षांवरच्या लोकांना पाटी नसली तरी फुटपाथ खुला झाला. 2011 मध्ये पोलिसांनी पुन्हा बजावलं की सायकल हे वाहन आहे, तिने रस्त्यावरूनच जावं. पण तोवर मामाचारीही बदलली होती. 1993 मध्ये विजेच्या मदतीची सायकल बाजारात आली. 2009 पासून पुढे-मागे दोन लहान मुलं बसवायला रीतसर मान्यता मिळाली, अर्थात त्यासाठी बनवलेल्या सायकलवरच. अशी सुमारे 30 किलोची सायकल, वर आई आणि दोन पोरं, चढावर सहज पळते. तिला ट्रकच्या शेजारी रस्त्यावर चालव म्हणणं सोपं आहे, चालवणं नाही.

जुलै 2023 मध्ये विजेच्या स्कूटरींसाठी आणखी एक वर्ग निघाला: 16 वर्षांवरच्यांना परवाना नको, रस्त्यावर ताशी 20 किलोमीटर, ठरावीक फुटपाथवर 6. आणि 2024 मध्ये मंजूर झालेल्या बदलानुसार 1 एप्रिल 2026 पासून 16 वर्षांवरच्या सायकलस्वारांना जागेवरच दंडाची पावती. फुटपाथवरून चालवल्याबद्दल 6,000 येन. मात्र नुसतं फुटपाथवरून जाणाऱ्याला साधारणपणे समज देऊन सोडू, असं पोलिसांनी आधीच सांगून टाकलं आहे.