पदवीचे श्रेयांक: प्रकार, पात्रता आणि कागदपत्रे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून पुण्यातील महाविद्यालयांत ‘तुझे क्रेडिट किती झाले?’ हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. मात्र पदवीसाठी नुसती बेरीज पुरत नाही. हे क्रेडिट, म्हणजेच श्रेयांक, कोणत्या गटातले आहेत, हेही पाहिले जाते.

सत्रभरातील 15 तासांच्या व्याख्यानांना एक श्रेयांक असतो, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी 30 तास द्यावे लागतात; त्यामुळे दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक आठवड्याचे सुमारे चार तास घेते. महाराष्ट्राच्या आराखड्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प, कार्यप्रशिक्षण असे गट आहेत. यांतील ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने मानव्यविद्येचा असा एक अभ्यासक्रम जास्तीचा केला, तरी मेजरमधली तूट त्याने भरून निघत नाही.

तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी किमान 160 श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवून प्रमाणपत्र घ्यायचे असल्यास किमान 40 श्रेयांकांखेरीज कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे चार श्रेयांक पूर्ण करावे लागतात.

श्रेयांक जमा होण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांकांच्या डिजिटल बँकेत खाते हवे. आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकाने डिजिलॉकर उघडून, संस्थेचे नाव व प्रवेशवर्ष निवडून 12 अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) मिळवावा आणि तो महाविद्यालयात नोंदवावा. आधार आणि विद्यापीठाची नोंद यांतील नाव जुळले पाहिजे. आडनाव आधी की शेवटी, एवढ्या फरकानेही काम अडू शकते. श्रेयांक विद्यापीठ किंवा संस्थाच चढवते, विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत. ते साधारणपणे कमाल सात वर्षे ग्राह्य असतात आणि एका पदवीसाठी वापरल्यावर दुसरीकडे चालत नाहीत.

महाविद्यालय बदलताना अपार क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, स्थलांतराचा दाखला आणि अभ्यासक्रमाची प्रत जवळ ठेवावी. ही प्रत बहुतेकांकडून राहून जाते, आणि आधीचे विषय नव्या ठिकाणच्या विषयांशी जुळतात का, ही समकक्षता तर तिच्यावरूनच ठरते. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांच्या कमाल 40 टक्क्यांपर्यंत घेता येतात, मात्र असा अभ्यासक्रम कोणत्या गटात धरला जाईल, हे नोंदणीपूर्वीच महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे.