सरदश्त म्हणजे छोटं हलबजा नव्हे

पश्चिम आशियातल्या कुर्द लोकांवरच्या रासायनिक हल्ल्याचा विषय निघाला की नाव एकच येतं, हलबजा. कुणी सरदश्त म्हटलंच तर समोरचा मान डोलावतो, "हलबजाच ना, सद्दामने गॅस सोडला ते?" ते नव्हे. घोटाळा व्हावा इतकं साम्य आहे खरं. दोन्ही गावं कुर्दांची, दोन्ही इराण-इराक सीमेलगत, विमानं दोन्हीकडे इराकच्या सद्दामचीच, आणि मध्ये जेमतेम साडेआठ महिने.

पण सरदश्त इराणात, ओकच्या जंगलांतल्या डोंगरावर. हलबजा इराकमध्ये, हवरामानच्या डोंगरांच्या पायथ्याशी. तिथली डाळिंबं प्रसिद्ध. तेव्हा इराण-इराक युद्ध चालू होतं. २८ जून १९८७ला सरदश्तच्या भरवस्तीवर बॉम्ब पडले ते शत्रूचे, इराकचे. १६ मार्च १९८८ला हलबजावर पडले ते आपल्याच सरकारचे, कारण गाव नुकतंच इराणी फौज आणि पेशमर्गा म्हणजे कुर्द लढवय्ये यांच्या हाती गेलं होतं.

खरा फरक विषाचा. सरदश्तवर पडला मस्टर्ड गॅस. नाव फसवं आहे. हा मुळात वायू नाही, तेलकट द्रव आहे. अंगावर उडाला तरी लगेच कळत नाही. माणूस जखमींना उचलतो, घरी येतो, त्याच कपड्यांनी पोराला कडेवर घेतो. काही तासांनी डोळे चुरचुरू लागतात, कातडीवर फोड येतात, मग श्वास अडकतो. मेले शंभरावर, बाधा झाली हजारोंना.

हलबजात मस्टर्डबरोबर मज्जासंस्थेवर घाव घालणारी विषंही होती. आधी साधे बॉम्ब पडले म्हणून लोक सवयीने तळघरांत शिरले. हे वायू हवेपेक्षा जड, खाली उतरणारे. आसरा होता तिथेच माणसं गुदमरली. मृतांचा आकडा ५,०००च्या आसपास सांगतात.

हलबजा जगाला कळलं ते फोटोंमुळे. गाव इराणच्या ताब्यात असल्याने छायाचित्रकार लगेच पोचले. तान्ह्या बाळाला कवटाळून उंबऱ्याशी पडलेला बाप सगळ्यांनी पाहिला. रासायनिक हल्ल्यांचा सूत्रधार अली हसन अल-मजीद याला हलबजासाठी फाशीची शिक्षा झाली आणि २०१०मध्ये ती अमलात आली.

सरदश्तकडे असा एक फोटो नाही. फुप्फुसांचा जुनाट आजार फोटोत दिसत नाही. त्या दुपारी पाळण्यात असलेली मुलं आता चाळिशीच्या घरात आहेत, आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या उशाशी अजून ऑक्सिजनचा सिलिंडर असतो.