गोळीत औषध किती, आणि बाकीचं काय?

थायरॉइडची, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी बऱ्याच घरांत असते. तिच्या पाकिटावर ५० मायक्रोग्रॅम असं छापलेलं असतं. हीच गोळी नाजूक काट्यावर ठेवली तर वजन भरतं १०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे औषध गोळीच्या वजनाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकं. वर्षभर एकही दिवस न चुकता गोळी घेतली तरी पोटात जाणारं थायरॉक्सिन हे औषध होतं सुमारे १८ मिलिग्रॅम, एका गोळीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

कोकणात लोटे-परशुराम आणि महाडच्या एमआयडीसीत औषधांचे मूळ रासायनिक घटक बनवणारे कारखाने आहेत. तिथून पिंपात भरून निघणारी भुकटी कुणी चमच्याने मोजून खात नाही. तिची गोळी, कॅप्सूल, सिरप किंवा मलम होतं ते इतर पदार्थांच्या जोरावर. औषधनिर्माणशास्त्रात यांना एक्सिपियंट म्हणतात, आणि लेबलवर त्यांना फारशी जागा मिळत नाही. ते आजाराला हात लावत नाहीत हे खरं. पण औषध रक्तात किती उतरेल, किती वेळात उतरेल आणि पोटात उतरेल की आतड्यात, हे बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतं.

गोळी बनताना काय होतं ते पाहू. मशीनमध्ये प्रत्येक गोळीसाठी भुकटी वजन करून घातली जात नाही. साच्याच्या भोकात मावेल तेवढी भुकटी पडते, वरखालून पंच (धातूचा दट्ट्या) दाबला जातो आणि गोळी बाहेर येते. मोठं मशीन तासाला लाखांनी गोळ्या काढतं. अशा वेगात भुकटी अडखळली तर एका गोळीत औषध जास्त आणि दुसरीत कमी जाणार. म्हणून लॅक्टोज किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज घालून आकारमान वाढवतात. पोव्हिडोनसारखा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, कण एकमेकांना धरून ठेवतो. पोटात गेल्यावर गोळी फुटायला तर हवी, म्हणून पाणी दिसताच फुगणारा सुधारित स्टार्च किंवा सेल्युलोज घालतात. सगळ्यात शेवटी पडतं मॅग्नेशियम स्टिअरेट, बहुधा एक टक्क्याहूनही कमी. ते नसेल तर गोळी पंचाला चिकटते.

या शेवटच्या घटकाकडे मला जरा थांबून बघावंसं वाटतं. मॅग्नेशियम स्टिअरेट स्पर्शाला मऊ, तेलकट असतं आणि त्याला पाणी आवडत नाही. ते ब्लेंडरमध्ये टाकून काही मिनिटंच फिरवायचं असतं. जास्त वेळ फिरवलं तर प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर चढतो, गोळीत पाणी शिरायला वेळ लागतो आणि गोळी हवी तेव्हा विरघळत नाही. औषध तेच, प्रमाण तेच, सगळे घटक तेच. फक्त ढवळणं लांबलं. म्हणूनच प्रत्येक बॅचमधल्या गोळ्या पाण्यात किंवा कृत्रिम जठररसात टाकून, किती मिनिटांत किती औषध बाहेर येतं हे मोजलं जातं.

या घटकांची ताकद डॉक्टरांना नीट कळली ती ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन शहरात. १९६८च्या सुमारास तिथे फिट्सच्या आजारासाठी फेनिटॉइन घेणारे रुग्ण अचानक तोल जाऊन लडखडू लागले. डोस कुणीच वाढवला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की उत्पादकाने कॅप्सूलमधला भराव बदलला होता: कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज. आधी भरावातलं कॅल्शियम फेनिटॉइनचा काही भाग अडवून धरत होतं आणि तो न शोषला जाताच बाहेर पडत होता. भराव बदलताच बरंच जास्त औषध रक्तात उतरू लागलं आणि नेहमीचाच डोस विषारी ठरला.

पातळ औषधांची गोष्ट याहून दुःखद आहे. सिरपमध्ये औषध विरघळवायला आणि त्याला दाटपणा द्यायला ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायनही असंच गोडसर, दाट आणि रंगहीन असतं, पण ते मूत्रपिंडं निकामी करतं. १९३७ साली अमेरिकेत एका सल्फा औषधाचं सिरप यातच विरघळवून विकलं गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात मुलं बरीच. त्या घटनेनंतर १९३८ साली तिथे औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवण्याची सक्ती करणारा कायदा झाला. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात खोकल्याच्या सिरपांनी मुलांचे जीव घेतले, तेव्हाही त्यात हेच रसायन सापडलं. सिरपांच्या या घटनांत औषधाचा मूळ रेणू निर्दोष होता. दोष होता तो विरघळवणाऱ्या द्रवात. म्हणून ग्लिसरीनचं पिंप नुसतं कागदावरच्या प्रमाणपत्रावर विसंबून आत घेणं मला अक्षम्य वाटतं. ही भेसळ प्रयोगशाळेत सहज पकडता येते.

आता पॉलिमर. एकच छोटा रेणू साखळीने शेकडो-हजारो वेळा जोडला की पॉलिमर होतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर 'एसआर' (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध सावकाश सोडणारी) छापलेलं असतं, ती या पॉलिमरच्या करामतीची सगळ्यांत ओळखीची गोळी. अशा बहुतेक गोळ्यांत हायप्रोमेलोज नावाचा पॉलिमर असतो. ही गोळी पेलाभर पाण्यात टाकून ठेवा. थोड्या वेळाने ती फुगते, बोटाला बुळबुळीत लागते. तासाभराने सुरीने कापली तर कडेला पारदर्शक जेली आणि मध्ये कोरडा पांढरा गाभा दिसतो. साबुदाणा शिजत आला की बाहेरून काचेसारखा होतो आणि मध्ये पांढरा ठिपका उरतो, अगदी तसं. पोटातही हेच होतं. पाणी जेलीतून हळूहळू आत शिरतं, औषध विरघळून त्याच जेलीतून सावकाश बाहेर झिरपतं, आणि जेली कडेकडेने झिजत जाते. पॉलिमरच्या साखळ्या जितक्या लांब तितकी जेली घट्ट आणि औषध तितकं सावकाश. कधी कधी औषध संपलेली ही मऊ जेली शौचातून तशीच बाहेर पडते आणि माणूस घाबरतो की गोळी पचलीच नाही. घाबरायचं कारण नाही, औषध आधीच शरीरात गेलेलं असतं.

गावाकडच्या घरात म्हाताऱ्या आईला गोळी गिळवत नाही म्हणून ती खलात कुटून मधातून द्यायची पद्धत आहे. साध्या गोळीचं एक वेळ चालतं. एसआर गोळी कुटली की पॉलिमरची सारी रचना मोडते आणि दिवसभराचं औषध एकदम सुटतं. मेटफॉर्मिनच्या बाबतीत मळमळ, जुलाब होतील. पण रक्तदाबाच्या निफेडिपिनची दीर्घकाळ चालणारी गोळी कुटून दिली तर दाब झपाट्याने खाली येऊन चक्कर, पडणं, क्वचित त्याहून वाईट काही होऊ शकतं. सगळ्याच लांब चालणाऱ्या गोळ्यांना एक नियम मात्र लागू नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या अनेक गोळ्यांत शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर पॉलिमरचं स्वतंत्र आवरण असतं. मध्ये खाच असलेली अशी गोळी अर्धी करता येते. चावायची किंवा कुटायची मात्र नाही. पाकिटावर एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर यांपैकी काही दिसलं तर मेडिकलवाल्याला आधी विचारावं. गिळायला जमत नसेल तर तेच औषध पातळ रूपात किंवा दुसऱ्या प्रकारात मिळतं का, हे डॉक्टर सांगू शकतात.

अॅसिडिटीच्या पँटोप्राझोलमध्ये पॉलिमरचं काम उलटं असतं. हे औषध आम्लातच नष्ट होतं, आणि जठर तर आम्लाने भरलेलं. म्हणून गोळीवर मेथॅक्रिलिक आम्लाच्या पॉलिमरचा थर देतात. जठरातल्या तीव्र आम्लात तो घट्ट राहतो. लहान आतड्यात सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेपाचच्या वर गेला की साखळीवरचे आम्लगट विद्युतभारित होतात, पाणी खेचतात आणि थर विरघळतो. एके काळी याच कामाला लाख (शेलॅक) वापरत असत. ही गोळी कुटली तर औषध पोटातच वाया जातं; त्रास होत नाही, पण गुणही येत नाही, आणि माणूस डॉक्टर बदलतो.

कोकणात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे, ती पावसाची. आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. गोळी फोडायला जे पदार्थ घातलेले असतात ते पाण्याला हपापलेले असतात, तेव्हा हवेतली वाफही ते ओढून घेतात. गोळी मऊ पडते, फुगते, कडा भुरभुरतात. ॲस्पिरिनमध्ये ओल शिरली की रेणूच तुटतो, त्यातून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल निघतं. ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास आला तर ती टाकून द्यावी. जिलेटिनच्या कॅप्सूलच्या कवचात मुळातच १३ ते १६ टक्के पाणी असतं. त्याहून वाढलं तर कॅप्सुली एकमेकींना चिकटतात, कमी झालं तर कवच तडकतं.

गणपतीला येणारे चाकरमानी आई-वडिलांसाठी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतात, आणि सोय म्हणून सगळ्या पाकिटांतून काढून डब्यात भरून ठेवतात. भाद्रपदाच्या दमट हवेत याहून चुकीचं काही नाही. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेलं पाकीट ओल जवळजवळ पूर्ण अडवतं, आणि उत्पादकाने त्यावर जादा खर्च केलेला असतो तो औषधाची ती गरज असते म्हणूनच. आठवड्याच्या खणांची डबी वापरायचीच असेल तर एका आठवड्यापुरतीच भरावी, तीही चुलीपासून आणि मोरीपासून दूर. बाटलीतल्या गोळ्या बाटलीतच ठेवाव्यात आणि आतली सिलिका जेलची पुडी फेकू नये.

ओल देणारा हाच समुद्र या उद्योगाला लागणारे पॉलिमरही देतो. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर पाऊस सरल्यावर तपकिरी-पिवळं शेवाळ वाढतं, मिरीएवढ्या हवेच्या फुग्यांनी लगडलेलं. हे सारगॅसम. त्याच्या पेशीभित्तिकांत अल्जिनेट असतं, जे ब्रिटिश रसायनज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८१ साली वेगळं केलं. छातीत जळजळ झाल्यावर घेतात त्या काही पातळ औषधांत सोडियम अल्जिनेट आणि खाण्याचा सोडा असतो. पोटात आम्ल भेटताच अल्जिनेटची जेली होते, सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिच्यात अडकतो आणि ती तरंगत जठरातल्या द्रवावर पसरते, मग आम्ल अन्ननलिकेत चढत नाही. कॅल्शियम अल्जिनेटच्या धाग्यांच्या पट्ट्या ओल्या जखमांवरही बांधतात. भारतात सारगॅसम गोळा करण्याचा व्यवसाय मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढला; आपल्याकडे ते बहुतेक खडकांवरच राहतं.

दुसरा पॉलिमर कोळंबीच्या कवचात आहे. कवच आधी अल्कलीने आणि आम्लाने साफ केलं की कायटिन उरतं, ते तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान मिळतं. कायटोसानवर धनभार असतो आणि रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार, त्यामुळे रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरतात. औषध हळू सोडणाऱ्या कणांसाठीही त्याच्यावर पुष्कळ संशोधन चालू आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टाकाऊ कवचांपासून ते बनवण्याची पद्धत विकसित केली आहे. हर्णे किंवा मिरकरवाड्याला सोडे काढताना उरणाऱ्या कवचांपासूनही ते बनू शकतं, पण अट कडक आहे. कवच उन्हात पडून कुजलं तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि औषधाच्या दर्जाचं कायटोसान त्यातून निघत नाही. म्हणजे बंदरावर कोळंबी सोलल्याबरोबर कवच बर्फात गेलं पाहिजे किंवा लगेच धुऊन वाळवलं पाहिजे. ही सोय बंदरावरच करावी लागेल, कारखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.