निगेटिव्ह कोणाची? मुंबईच्या फोटो स्टुडिओंमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यातल्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या गाळ्यांच्या, इमारती एकेक करून पुनर्विकासाला जाऊ लागल्या, तसे तळमजल्यावरचे जुने फोटो स्टुडिओही रिकामे होऊ लागले. लाकडी कॅमेऱ्याला शोभेची वस्तू म्हणून गिऱ्हाईक मिळतं, लाइटचे स्टँड कुणीतरी नेतं. घोडं अडतं ते माळ्यावर. तिथून फोटो पेपरची खोकी आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे खाली उतरतात. त्यांत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह असतात, म्हणजे काळं-पांढरं उलट दिसणारं मूळ चित्र, ज्यावरून फोटोच्या कॉप्या निघतात, पाकिटावर शाईने नंबर आणि आडनाव. हे भंगारात द्यायचं, संग्राहकाला विकायचं, स्कॅन करून इन्स्टाग्रामवर टाकायचं, की ज्याचं त्याला परत करायचं? आणि हे ठरवणार कोण? धंद्यातल्या जुन्या लोकांचंही यावर एकमत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या फोटोग्राफीवर जाडजूड पुस्तकं निघालेली आहेत. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, लगोलग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली, फोर्टात आणि काळबादेवीकडे साहेब, शेठ आणि संस्थानिकांचे फोटो काढणारे स्टुडिओ उभे राहिले. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच की फोटो काचेवर निघायचा. काच जड, नाजूक आणि महाग. ती गिऱ्हाइकाने घरी न्यावी हे दोघांच्याही मनात येत नसे. स्टुडिओवाला काचेवर नंबर टाकून ती ठेवून घ्यायचा आणि फोटोच्या कार्डामागे छापायचा की प्लेट जपून ठेवली आहे, कॉपी कधीही मिळेल. ती सोय होती. पुढे काचेच्या जागी फिल्म आली, वजन गेलं, पण ठेवून घ्यायची सवय राहिली.

मुंबईत ती इतकी वर्षं निभली याचं कारण फोटोग्राफीत नाही, भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने शहरातली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पागडी देऊन एकदा गाळा घेतला की महिन्याचं भाडं पुढे चहापाण्याच्या खर्चात बसायचं. बाजारभावाने भाडं भरणारा कुठला दुकानदार तीस वर्षांच्या निगेटिव्हला अख्खा माळा देईल? आज त्या डब्यांना कुणी ‘शहराचा ठेवा’ म्हणतं तेव्हा त्याचं थोडं श्रेय पागडीलाही द्यायला हवं.

हा ठेवा बहुतेक १९५५ ते १९८५ च्या दरम्यानचा आणि साध्या माणसांचा आहे. गिरणगावातल्या स्टुडिओची खरी वेळ पहिली पाळी सुटल्यावर सुरू व्हायची. कामगार खोलीवर जाऊन आंघोळ करून यायचा. स्टुडिओत आरसा, फणी, पावडरीचा डबा आणि खुंटीवर एक कोट असायचा. कोट सगळ्यांना तोच. सडपातळ माणूस असला की पाठीमागून चिमटे लावून तो अंगासरशी बसवायचा, कॅमेऱ्याला पुढची बाजूच दिसणार. टायची गाठ कायमची मारून ठेवलेली, मागे इलॅस्टिक. हा फोटो गावी जायचा, मुंबईत पोरगं धड आहे याची पावती म्हणून. मे महिना लग्नांचा, जून शाळा-कॉलेजच्या फॉर्मांचा, गणपतीला गावी जायच्या आधी जोडीचे फोटो. पावसाळ्यात धंदा मंद आणि भिंतीला ओल, त्यात मागचा रंगवलेला पडदा पोपडे धरायचा. पडद्यावर कठडा, कारंजं आणि कुठल्याच देशात नसलेली बाग.

आत डार्करूममध्ये सगळा खेळ पाण्याचा. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून, काढलेला प्रिंट वाहत्या पाण्यात चांगला अर्धा-पाऊण तास धुवावा लागतो, नाहीतर दोन-चार वर्षांत पिवळा पडतो. चाळीत पाणी ठरलेल्या वेळेलाच येणार. मग रात्री काढलेले प्रिंट बादलीत पडून राहायचे आणि पहाटे नळाला धार लागली की मालक किंवा हाताखालचा पोरगा धुवायला बसायचा, शेजाऱ्यांच्या हंड्या-कळश्यांची रांग सांभाळून. एकशेवीस नंबरच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो. गिऱ्हाईक एक आणि रोल बाराचा, म्हणून ‘परवा या’. त्या ‘परवा’चा अर्थ रोल संपला की, एवढाच. अर्जंट हवा असेल तर जादा पैसे, कारण उरलेली फिल्म वाया जायची, आणि फिल्म काही सहज मिळत नव्हती. परदेशी मालावर आयातीचे निर्बंध, देशी ‘इंदू’ उटीच्या सरकारी कारखान्यातून यायची, तीही कधी मिळायची, कधी नाही.

वादाचं मूळ मात्र कॅमेऱ्यात नाही आणि डार्करूममध्येही नाही, ते रिटचिंगच्या, म्हणजे निगेटिव्हवरच चेहरा सुधारायच्या, टेबलावर आहे. तिरप्या काचेखाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर, काचेवर निगेटिव्ह. तिला आधी रिटचिंग मीडियम चोळायचं म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं लांब टोक काढलेली. त्या पिढीतल्या कितीतरी चेहऱ्यांवर देवीचे वण. फोटोत काळसर दिसणारा खड्डा निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका असतो. तो ठिपका पेन्सिलीने बारीक बारीक टिपके देत आजूबाजूच्या दाटपणाला आणून मिळवायचा. जास्त झालं की प्रिंटवर पांढरा डाग उमटला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची आठी, चश्म्याची चमक, सगळं याच टेबलावर सुटायचं. एका चेहऱ्याला तास जायचा. स्थळांना दाखवायच्या फोटोत मुलीचा वर्णही इथेच उजळायचा, आणि ‘फोटोत वेगळी दिसते’ हे वाक्य बघायला आलेल्यांकडून ऐकून घ्यायचं मुलीच्या घरच्यांनी.

स्टुडिओवाल्याचा मुद्दा असा. फिल्म माझ्या पैशाची, वर पेन्सिलीचं काम माझ्या डोळ्यांचं. फोटोच्या पहिल्या तीन कॉपीत हे पैसे निघत नाहीत, ते निघतात नंतरच्या कॉप्यांमध्ये. निगेटिव्ह दिली की गिऱ्हाईक ती घेऊन पुढच्या नाक्यावर स्वस्तात प्रिंट काढणार, आणि तिथला स्टुडिओवाला माझं रिटचिंग फुकट वापरणार. म्हणून पावतीवरच छापलेलं असायचं: निगेटिव्ह मिळणार नाही. त्याच पावतीवर असंही असायचं की अमुक महिन्यांत फोटो नेला नाही तर आम्ही जबाबदार नाही. ठेवायचा हक्क पूर्ण आणि जबाबदारी शून्य, हे जरा अतीच. पण धंद्याचं गणित म्हणून मला ते पटतं.

कायद्याचं गणित वेगळं आहे. १९१४ साली ब्रिटिशांचा १९११ चा कॉपीराइट कायदा इथे लागू झाला. त्यात फोटोचा कर्ता कोण, तर निगेटिव्ह तयार होताना ती ज्याच्या मालकीची असेल तो. इथवर स्टुडिओवाला खूश. पण त्याच कायद्यात पुढे होतं की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याने निगेटिव्हची मालकी या गोष्टीला व्याख्येतून बाजूला केलं. कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. मात्र कलम १७ (बी) मध्ये तोच जुना नियम राहिला: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, गिऱ्हाईक.

म्हणजे फिल्मचा तुकडा स्टुडिओचा आणि त्यावरच्या चित्राच्या कॉप्या काढायचा हक्क गिऱ्हाइकाचा. एकाकडे कुलूप, दुसऱ्याकडे किल्ली. गिऱ्हाइकाला हक्क आहे, पण फिल्मशिवाय तो कॉपी काढणार कशातून? स्टुडिओवाल्याकडे फिल्म आहे, पण गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय तिसऱ्यासाठी त्याने प्रिंट काढला तर तो कायद्याच्या चुकीच्या बाजूला. पावतीवरच्या त्या ओळीला स्टुडिओवाले ‘उलट करार’ समजत आले. नीट वाचलं तर ती ओळ फक्त फिल्म देणार नाही एवढंच सांगते, कॉपीराइटबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. शिवाय ती हातात पडायची आगाऊ पैसे भरून झाल्यावर.

मुदतीचा गुंता याहून मोठा. १९५७ च्या कायद्यात फोटोचा कॉपीराइट तो प्रसिद्ध झाल्यापासून ५० वर्षं होता, १९९२ मध्ये ती ६० झाली. आता १९६२ साली परळच्या एका कुटुंबाने काढलेला ग्रुप फोटो प्रसिद्ध कधी झाला? भिंतीवर टांगणं म्हणजे काही प्रसिद्धी नव्हे. मग मुदतीचं घड्याळ सुरूच झालं नाही असं म्हणायचं का? २०१२ च्या दुरुस्तीने फोटोंसाठीचं वेगळं कलम २५ काढून टाकलं आणि फोटोलाही लेखकासारखी मुदत दिली: कर्त्याचं आयुष्य आणि पुढे ६० वर्षं. यातला कर्ता फोटोग्राफर. म्हणजे हक्क गिऱ्हाइकाचा आणि त्याची मुदत मोजायची ती फोटोग्राफर कधी वारला त्यावरून. माळ्यावरचा डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या नातवाने हे कसं लावायचं?

कोर्टात यातलं फारसं काही गेलं नाही. भांडणं झाली ती शोकेसवरून. स्टुडिओच्या दारातल्या काचेच्या कपाटात चांगले निघालेले फोटो मोठे करून, हाताने रंगवून लावायची रीत होती, आणि सगळ्यात चांगले निघायचे ते अर्थातच दाखवायचे फोटो. लग्न ठरून मुलगी सासरी गेली तरी शोकेसमधली ती तिथेच, येणारे-जाणारे बघताहेत. वडील किंवा भाऊ येऊन फोटो काढायला लावायचे, कधी निगेटिव्हही मागायचे, आवाज चढायचे. मोडलेल्या स्थळाच्या बाबतीत तर जास्तच. इथे मात्र स्टुडिओवाल्यांची बाजू घेता येत नाही. त्या मुलीला कुणी विचारलेलं नसायचं, आणि तक्रार करायला यायचे तेही तिला विचारून येत असतील असं नाही.

आज ‘जपून ठेवलं’ म्हणून ज्यांचं कौतुक होतं त्यांनी सगळंच जपलं असंही नव्हे. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदीचा भाव भडकला. फिल्ममध्ये चांदी असते, वापरलेल्या हायपोच्या पाण्यातही उतरते. एक्स-रे फिल्मा गोळा करणारे स्टुडिओंच्याही पायऱ्या चढू लागले. निगेटिव्ह किलोवर गेल्या. ज्याला निगेटिव्ह ‘धंद्याचं भांडवल’ म्हणून नाकारली गेली, त्याच गिऱ्हाइकाचा चेहरा चांदी काढायला भट्टीत गेला, तेव्हा त्याला कुणी कळवलं नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या स्टुडिओंचं गिऱ्हाईकच गावी परतलं. पुढे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला, कलिना, सायनकडच्या ज्या तळमजल्यांत पाणी शिरलं तिथे पाकिटांतल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून लगदा झाल्या. जिलेटिन भिजून सुकलं की सोडवता येत नाही.

गिऱ्हाइकाची मागणी खरी वाढली ती कलर लॅबमुळे. १९८० च्या दशकात घरोघरी हॉटशॉटसारखे छोटे कॅमेरे आले. लॅबमधून प्रिंटच्या पाकिटात निगेटिव्हची पट्टी आपोआप मिळायची. घरच्या फोटोची निगेटिव्ह मिळते, मग स्टुडिओतल्या का नाही? याला पेन्सिलीचं उत्तर आता चालेना, कारण कलर निगेटिव्हवर ती कारागिरी उरलीच नव्हती आणि धुलाईही बाहेरच व्हायची. बऱ्याच स्टुडिओंनी लग्नाच्या अल्बमबरोबर निगेटिव्ह द्यायला सुरुवात केली, पासपोर्ट फोटोची मात्र धरून ठेवली. पोटाला तीच होती.

तेही गेलं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. फोटो तिथेच, वेबकॅमवर. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पासपोर्टचा फोटोही सेवा केंद्राच्या खिडकीतच निघू लागला. अर्जाला फोटो चिकटवायची गरज संपली आणि नाक्यावरच्या ‘पाच मिनिटांत अर्जंट’ पाटीचं अर्धं काम गेलं. व्हिसाचे, परीक्षांच्या फॉर्मचे आणि श्राद्धाच्या भिंतीवरचे फोटो राहिले. वारलेल्याचा फोटो बहुतेक वेळा एखाद्या लग्नाच्या ग्रुपमधून कापून, मागची माणसं पुसून तयार करावा लागतो. सरकारी कॅमेऱ्याने काढलेला आधारचा फोटो भिंतीवर लावायला कोणी आणत नाही, एवढं समाधान फोटोग्राफरला घेऊ द्यावं.

स्टुडिओ गेले तरी वाद नव्या पिढीकडे जसाच्या तसा आला आहे. आजचा पोर्ट्रेट फोटोग्राफर भाड्याचा स्टुडिओ तासावर घेतो, अंधेरी नाहीतर लोअर परळला, आणि कोटेशनमध्ये लिहितो: ‘रॉ फाइल्स दिल्या जाणार नाहीत’, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, हात न लावलेल्या फाइल्स. कारण तेच, वरचं काम माझं. फरक इतका की पावतीवरच्या एका ओळीऐवजी आता दोन पानी करार असतो, त्यात कॉपीराइट फोटोग्राफरचा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाईक तो व्हॉट्सअॅपवर ‘ओके’ म्हणून मान्य करतं. कलम १७ (बी) मधला ‘उलट करार’ आता खरोखरच झालेला असतो. शोकेसची जागा इन्स्टाग्रामने घेतली. बाळाचे किंवा साखरपुड्याचे फोटो तिथे टाकू नयेत असं वाटत असेल तर ते आधी सांगावं लागतं, आणि काही फोटोग्राफर न टाकण्याचे वेगळे पैसे लावतात.