दगडावर कोरलेला करार

उत्तर व्हिएतनाममध्ये लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशात गावोगावच्या देवळांच्या ओसरीत आणि बौद्ध मठांच्या आवारात जुन्या शिळा उभ्या आहेत. त्यांवर चिनी अक्षरांत बारीक मजकूर कोरलेला असतो. 17व्या आणि 18व्या शतकातल्या अशा अनेक शिळांवर एकाच प्रकारची हकीकत वाचायला मिळते. अमुक बाईंनी गावाला एवढी भातजमीन आणि एवढी रोकड दिली. जमिनीच्या चतुःसीमा अशा. त्याबदल्यात गाव कबूल करतं की त्यांच्या पश्चात दरवर्षी पुण्यतिथीला चिकट तांदळाचा भात, मांस, पानसुपारी असा नैवेद्य त्यांच्या नावाने दाखवला जाईल. बोलीला जो जागणार नाही त्याचं देव पाहून घेईल.

या दात्यांना ‘हाउ’ म्हणत. त्याचा अर्थ साधारण ‘मागून येणारा’ असा. ग्रामदेवाच्या मागोमाग ज्याचा मान तो ‘हाउ थान’, बुद्धाच्या मागोमाग ज्याचा मान तो ‘हाउ फात’. दाते पुरुषही होते, नवरा-बायकोच्या जोड्याही होत्या. पण बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी आहे. ज्या गावात बाईला पंचायतीत बसायला जागा नव्हती, तेच गाव तिला देवाशेजारी बसवायला तयार झालं. हे कसं घडलं ते समजून घेताना त्या दोनशे वर्षांत व्हिएतनामचं खेडं आतून किती बदललं तेही उलगडत जातं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. 1407 ते 1427 अशी वीस वर्षं चीनच्या मिंग साम्राज्याने हा देश ताब्यात ठेवला होता. ले लोई याने त्यांना हुसकावून 1428 मध्ये ले घराण्याची स्थापना केली. युद्धात मालक मेलेल्या, पळालेल्या किंवा शत्रूला मिळालेल्या जमिनी सरकारजमा झाल्या. पुढे ले थान्ह तोंग (राज्यकाळ 1460 ते 1497) या राजाच्या काळात गावाच्या सामाईक जमिनीच्या वाटपाची पद्धत पक्की झाली. दर सहा वर्षांनी ही जमीन गावकऱ्यांत नव्याने वाटायची. अधिकाऱ्याला आणि सैनिकाला मोठा हिस्सा, सामान्य कुळाला मध्यम, विधवा आणि अनाथांना लहान, पण हिस्सा सगळ्यांना. जमीन विकायला मनाई होती, कारण ती राजाची. गावाकडे फक्त कसण्याचा हक्क.

तांदूळ पिकवणाऱ्या, पुराच्या छायेत जगणाऱ्या प्रदेशासाठी ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली होती असं मला वाटतं. लाल नदी दर पावसाळ्यात बांध फोडू पाहते. बांध राखायला माणसं हवीत, आणि माणूस गावात टिकायचा तर त्याच्या पायाखाली थोडी तरी जमीन हवी. करही त्यातूनच निघे आणि फौजही.

याच राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॉंग दुक संहितेत 722 कलमं आहेत. आई-वडील मृत्युपत्र न करता गेले तर काय करावं हे एक कलम सांगतं: मालमत्तेचा विसावा हिस्सा पितरांच्या पूजेसाठी बाजूला काढावा आणि उरलेलं मुलगे व मुली यांच्यात सारखं वाटावं. पूजेचा हिस्सा सहसा थोरल्या मुलाकडे जाई, पण मुलगा नसेल तर मुलगीही त्याची वारस होऊ शके. म्हणजे बाईच्या नावावर शेत असू शकत होतं, आणि ते तिला देऊनही टाकता येत होतं. शिळांवरच्या बायका दान करू शकल्या त्या या कायद्यामुळे.

मग राजकारण फाटलं. 1527 मध्ये माक घराण्याने गादी बळकावली. ले राजे परत आले ते नावापुरते. उत्तरेत सत्ता त्रिन्ह सरदारांच्या हाती गेली आणि दक्षिणेत न्गुएन सरदारांच्या. 1627 ते 1672 या काळात दोघे पुन्हा पुन्हा लढले. अखेर झान्ह नदी ही सीमा ठरली आणि देशाचे दोन तुकडे शंभराहून अधिक वर्षं वेगळे नांदले. लढाईला पुरुष लागतात, पैसा लागतो, धान्य लागतं, आणि ते सगळं खेड्यातूनच येतं.

1660 च्या दशकात त्रिन्ह दरबाराने करवसुलीची सोपी वाट काढली. एकदा गावची शिरगणती करायची, त्यावरून गावाचा आकडा ठरवायचा, आणि मग जन्म झाले म्हणून वाढवायचा नाही की मृत्यू झाले म्हणून कमी करायचा नाही. कागदावर हे सोयीचं होतं. प्रत्यक्षात दुष्काळात दहा घरं गाव सोडून गेली की त्यांचाही कर उरलेल्यांच्या डोक्यावर. कर आता कुटुंबाचा राहिला नाही, गावाचा झाला. कोणाकडून किती घ्यायचं ते गावातले वजनदार लोक ठरवू लागले. 18व्या शतकात गावप्रमुख नेमण्याचं कामही दरबाराच्या हातून निसटून गावाकडेच गेलं. ‘राजाचा कायदा गावाच्या रिवाजापुढे हरतो’ ही व्हिएतनामी म्हण आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. मला तिच्यात गावाचा अभिमान तर ऐकू येतोच, पण ज्यांना त्या रिवाजाविरुद्ध दाद मागायला जागा उरली नाही त्यांचा उसासाही ऐकू येतो.

गावाची ही नवी ताकद लाकडात उभी राहिलेली बघायची तर ‘दिन्ह’ बघावा. दिन्ह म्हणजे एकाच छपराखाली गावदेवाचं देऊळ, चावडी आणि पंगतीची जागा. 16व्या शतकापासून ही घरं मोठी आणि देखणी होत गेली. बाक निन्ह प्रांतातला दिन्ह बांग गावचा दिन्ह 18व्या शतकाच्या पूर्वार्धातला. पोलादासारख्या कठीण लाकडाचे जाड खांब, जमिनीपासून उचललेली फळ्यांची बैठक, आणि कोपऱ्यांत वर वळलेलं प्रचंड छप्पर. आत राहतो तो ‘थान्ह होआंग’, गावाचा राखणदार देव. तो कुठे प्राचीन सेनापती असतो, कुठे नदीचा आत्मा, तर कुठे चक्क गावात मेलेला भिकारी. दरबार या देवांना सनदा देई आणि त्यांची पदं ठरवी. देवांच्या कथांची दप्तरंही लिहिली गेली. आज गावांत सापडणाऱ्या अनेक प्रतींवर 1572 हे साल आहे. राजाने गावच्या देवाला पदवी दिली की गाव राजाला मानतं आणि राजा गावाला, असा तो दुतर्फी व्यवहार होता.

दिन्हमधल्या चटईवर कोण कुठे बसणार हे ठरलेलं असे. परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वान, माजी अधिकारी, वयोवृद्ध, त्यांच्या खाली बाकीचे पुरुष. बळी दिलेल्या डुकराचं डोकं कोणाला आणि मानेचा तुकडा कोणाला, यावरून भांडणं पेटत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत. ‘गावात मिळालेला एक घास घरच्या कोपऱ्यातल्या सूपभर अन्नाइतका’ अशी तिथली दुसरी म्हण आहे. मानपान म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे त्याला या म्हणीचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलगा जन्मला की ‘झाप’ नावाच्या पुरुषमंडळात त्याचं नाव लागे आणि वयानुसार त्याची बैठक वर सरकत जाई. मुलीचं नाव कुठेच लागत नसे. बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबाची अवस्थाही फारशी वेगळी नव्हती. कितीतरी गावांत तीन-तीन पिढ्या गेल्याशिवाय त्यांना पूर्ण गावकरी मानत नसत. बांबूच्या दाट कुंपणाने वेढलेलं खेडं, ही जी व्हिएतनामची ओळख सांगितली जाते, तिच्यातलं कुंपण असंही होतं.

याच सुमारास बायकांच्या हाती पैसा खेळू लागला होता. पुरुष मोहिमेवर, शेत आणि बाजार बायकांकडे. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1637 पासून 1700 पर्यंत इथे रेशमाचा व्यापार केला आणि बदल्यात जपानी चांदी ओतली. रेशमाचे किडे पाळणं, धागा काढणं, विणणं, बाजारात नेणं ही कामं मुख्यतः बायकांची. त्या काळी आलेल्या युरोपीय प्रवाशांनीही बाजारपेठेतल्या बायकांचं चातुर्य आवर्जून नोंदवलं आहे. दुसरीकडे 1663 मध्ये दरबाराने प्रजेसाठी 47 कलमी नीतिनियम काढले. त्यांत पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावं हे कन्फ्यूशियन वळण स्पष्ट होतं. उपदेश एकीकडे आणि बाजार दुसरीकडे अशी ओढाताण या शतकभर दिसते. तोल सांभाळायला बौद्ध मठ होते. दिन्ह पुरुषांचा, तर मठ बायकांचा. राजघराण्यातली त्रिन्ह थी न्गोक त्रुक ही राणी राजवाडा सोडून बाक निन्हच्या बुत थाप मठात राहायला गेली आणि तिने त्याचा जीर्णोद्धार केला. हजार हातांच्या अवलोकितेश्वराची 1656 सालची लाकडी मूर्ती तिथे आजही आहे.

आता शिळांवरचा करार नीट उमगतो. गावाला पैसा हवा होता: कराचा बोजा, लष्कराचा खर्च, शेजारच्या गावाशी बांधावरून चाललेला दावा, किंवा दिन्हचं गळकं छप्पर. बाईकडे जमीन होती, पण कित्येकदा मूलबाळ नव्हतं. व्हिएतनामी श्रद्धेत ज्याच्यासाठी कोणी उदबत्ती लावत नाही तो आत्मा उपाशी भटकत राहतो. म्हणून एक-दोन ‘माउ’ शेत गावाच्या हवाली. एक माउ म्हणजे आपले साधारण 36 गुंठे. त्या शेताच्या उत्पन्नातून वर्षाचा नैवेद्य निघे, बाकी गावाला. माणूस मरतो, कुटुंब संपतं, पण गाव राहतं, हा हिशेब त्या बायकांनी अचूक केला होता. पंगतीत जिला कधी जागा मिळाली नाही, तिच्या नावाने पंगत बसू लागली.

मात्र ही वाट जमीन असणाऱ्यांचीच होती. सामाईक जमीन या काळात झपाट्याने आटत गेली. दर सहा वर्षांची वाटणी दांडग्यांनी गुंडाळली, गहाण-खरेदीच्या नावाखाली शेतं लाटली. 1740 च्या आसपास उत्तरेत दुष्काळ, पूर आणि कर यांनी कंबरडं मोडलेली गावंच्या गावं ओस पडली. बंडं उसळली. न्गुएन हुउ काउ आणि होआंग काँग चात यांच्या बंडांनी दरबाराला वर्षानुवर्षं झुंजवलं.

निसर्गाचा वाटा किती, हे आता झाडं सांगू लागली आहेत. व्हिएतनामच्या डोंगरांत ‘पो मू’ नावाचा सूचिपर्णी वृक्ष कित्येक शतकं जगतो. पाऊस चांगला झाला की त्याच्या खोडातलं वर्षाचं कडं रुंद होतं, अवर्षणात अरुंद. खोडात बारीक नळी घालून पेन्सिलएवढा लाकडाचा नमुना काढतात, त्याने झाड मरत नाही. मग कड्यांची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि शेकडो झाडांच्या नोंदी एकमेकींशी जुळवतात. आशियाभरच्या अशा नोंदींत 1756 ते 1768 हा दीर्घ दुष्काळ ठळक उमटला आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1771 मध्ये, दक्षिणेच्या न्गुएन राज्यात ताय सोन भावंडांचं बंड पेटलं आणि पाहता पाहता त्याने दोन्ही सरदारघराणी उलथवली. बंड दुष्काळामुळेच झालं असं नव्हे. पण कोठार रिकामं आणि करवसूल करणारा दारात, हे चित्र कड्यांवरून समोर उभं राहतं.

1802 मध्ये न्गुएन सरदारांचाच वंशज असलेल्या झा लोंग या राजाने देश एकत्र केला. त्याने गावोगावच्या जमिनींची मोजणी करून नोंदवह्या करायला लावल्या. त्यांतल्या दहा हजारांहून अधिक वह्या हनोईच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत, आणि कोणत्या गावात सामाईक जमीन किती उरली होती, बायकांच्या नावावर किती होती, हे अभ्यासक त्यांतून शेतागणिक काढतात. 1812 च्या नव्या संहितेने मात्र चीनच्या छिंग कायद्याचा कित्ता गिरवला. मुलीच्या समान हिश्श्याचं कलम गळालं.

वंशावळींच्या चोपड्यांत बायका बहुधा कोणाची तरी पत्नी म्हणून एका ओळीत आटोपतात, किंवा येतच नाहीत. शिळेवर मात्र बाईचं पूर्ण नाव असतं, माहेरचं गाव असतं, आणि कित्येकदा मठात मिळालेलं ‘झियेउ’ने सुरू होणारं नावही. 20व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच संशोधनसंस्थेने ओलसर कागद शिळेवर दाबून, वर शाईची पुरचुंडी फिरवून, वीस हजारांहून अधिक ठसे घेतले. दिन्हच्या पायरीला किंवा ओढ्यावरच्या पुलाला लागलेल्या दगडांवरची अक्षरं पुढे झिजून गेली, तरी कागदावर काळ्या पार्श्वभूमीवर ती पांढरीशुभ्र शिल्लक आहेत: नाव, शेताच्या चार सीमा, आणि त्या दिवशी गावाने काय रांधायचं ते.