लॉगिननंतरची चोरी

टू-फॅक्टर पडताळणी सुरू केली की खाती सुरक्षित झाली, असे अजूनही बऱ्याच संस्थांमध्ये धरून चालतात. पासवर्ड फुटला तरी मोबाइलवरचा ओटीपी चोराच्या हाती नसतो, हा त्यामागचा तर्क. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो बऱ्यापैकी टिकत होता. आजच्या हल्लेखोराला मात्र पासवर्डपेक्षा वेगळीच वस्तू हवी असते: सगळ्या पडताळण्या पार पडल्यावर सर्व्हर ब्राउझरच्या हाती देतो ती सेशन कुकी.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. आलेली प्रत्येक विनंती सर्व्हरसाठी नवीच असते. त्यावर नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू माँटुली यांनी 1994 मध्ये कुकीचा तोडगा काढला. लॉगिन झाले की सर्व्हर अंदाज करता येणार नाही असा एक लांब मजकूर तयार करून ब्राउझरला देतो, आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत तो परत पाठवतो. मजकूर जुळला की सर्व्हर माणूस ओळखीचा मानतो. तो कोणत्या यंत्रावरून आला, हे सहसा तपासले जात नाही. बेअरर चेकसारखा हा व्यवहार आहे. ज्याच्या हातात, तोच मालक.

ही उणीव जुनीच आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, जाहीर केले. उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या माणसाची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणे किती सोपे आहे, हे त्याने जगाला दाखवून दिले. त्यानंतर संकेतस्थळे झपाट्याने एचटीटीपीएस या एन्क्रिप्टेड जोडणीवर गेली आणि वाटेतली चोरी अवघड झाली. मग चोरांनी कुकीच्या प्रवासाची दोन टोके धरली: एक लॉगिनचा क्षण आणि दुसरे म्हणजे खुद्द ब्राउझर.

लॉगिनच्या क्षणी काय घडते

आता फिशिंगसाठी बनावट पान रंगवत बसावे लागत नाही. हल्लेखोर एक रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या सर्व्हर, उभा करतो. ‘तुमच्यासाठी एक फाइल शेअर केली आहे’ असा मेल कर्मचाऱ्याला येतो. लिंक उघडली की त्याचा ब्राउझर हल्लेखोराच्या सर्व्हरला जोडला जातो आणि तो सर्व्हर त्याच वेळी खऱ्या लॉगिन सेवेशी बोलू लागतो. त्यामुळे समोर दिसणारा संस्थेचा लोगो, पार्श्वभूमी, चुकीच्या पासवर्डवर येणारी सूचना, सगळे अस्सल असते. कर्मचारी पासवर्ड टाकतो, तो पुढे जातो. खरी सेवा ओटीपी मागते, ती मागणी कर्मचाऱ्यापर्यंत येते, त्याचे उत्तरही पुढे जाते. खरी सेवा समाधानी होऊन ‘सेट-कुकी’ हेडरमधून सेशन कुकी पाठवते. ती आधी पोहोचते प्रॉक्सीकडे. प्रॉक्सी तिची प्रत ठेवून घेतो. हल्लेखोर ती आपल्या ब्राउझरमध्ये घालतो, पान रिफ्रेश करतो आणि थेट इनबॉक्समध्ये असतो.

ॲपमधला ओटीपी साधारण 30 सेकंदांत बदलतो, याचा इथे काही उपयोग नाही, कारण तो वेळेत आणि खऱ्या सेवेकडेच वापरला गेला. पडद्यावर दिसणारा आकडा मोबाइल ॲपमध्ये टाकायची पद्धतही इथे हरते. आकडा खऱ्या सेवेचाच असतो आणि टाकणारा खरा कर्मचारीच असतो. ॲड्रेस बारमधल्या कुलपावर तर भिस्त ठेवूच नये. डोमेनचे प्रमाणपत्र कोणालाही फुकट मिळते, ते कुलूप फक्त जोडणी एन्क्रिप्टेड आहे एवढेच सांगत असे. क्रोमने सप्टेंबर 2023 मधल्या 117 व्या आवृत्तीत ते चिन्ह काढूनच टाकले.

कुबा ग्रेट्स्की यांनी 2017 मध्ये सुरक्षा चाचण्यांसाठी आणलेले एव्हिलजिंक्स हे या तंत्राचे सर्वांत प्रसिद्ध साधन. सप्टेंबर 2021 पासून दहा हजारांहून अधिक संस्थांवर याच तंत्राने हल्ल्याचे प्रयत्न झाले, असे मायक्रोसॉफ्टने जुलै 2022 मध्ये जाहीर केले. पुढे एव्हिलप्रॉक्सी, टायकून 2एफए यांसारख्या तयार सेवा भाड्याने मिळू लागल्या आणि त्यासाठी तांत्रिक कौशल्याचीही गरज उरली नाही. या सेवा पानाच्या आधी कॅप्चा लावतात. मेल तपासणाऱ्या यंत्रणेला म्हणूनच फक्त एक निरुपद्रवी कॅप्चा दिसतो आणि मेल पुढे सोडला जातो. लिंकऐवजी क्यूआर कोड पाठवला की कर्मचारी तो स्वतःच्या फोनने स्कॅन करतो, आणि संस्थेच्या संगणकावरची सगळी संरक्षणे बाजूला राहतात.

ब्राउझरमधून होणारी चोरी

दुसरी वाट इन्फोस्टीलर प्रकारच्या मालवेअरची. रेडलाइन, व्हिडार, लुमा ही त्यातली गाजलेली नावे. ही फाइलींना कुलूप लावत नाहीत की खंडणी मागत नाहीत. ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरमधला कुकींचा एसक्यूलाइट डेटाबेस आणि साठवलेले पासवर्ड उचलतात, बाहेर पाठवतात आणि बरेचदा स्वतःला पुसून टाकतात. डिसेंबर 2022 मध्ये सर्कलसीआय या कंपनीच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपवर असेच झाले. अँटिव्हायरसला मालवेअर दिसले नाही, टू-फॅक्टरने उघडलेले सेशन चोरीला गेले आणि जानेवारी 2023 मध्ये कंपनीला आपल्या सगळ्या ग्राहकांना त्यांच्या गुप्त किल्ल्या बदलायला सांगावे लागले.

विंडोजवर क्रोमने जुलै 2024 मधल्या 127 व्या आवृत्तीपासून कुकींचे एन्क्रिप्शन थेट क्रोम या ॲपशी बांधले, म्हणजे त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या इतर प्रोग्रॅमना ते सहज सोडवता येऊ नये. काही महिन्यांतच मालवेअर लिहिणाऱ्यांनी पळवाटा काढल्या. तरीही हा बदल मोलाचा आहे: पळवाटेसाठी मालवेअरला वरचे अधिकार मिळवावे लागतात किंवा क्रोमच्या प्रक्रियेत शिरावे लागते, आणि त्या हालचाली सुरक्षा सॉफ्टवेअरच्या नजरेत भरतात.

हे मालवेअर आत येण्याची सध्याची नेहमीची युक्ती पाहण्यासारखी आहे. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असे पान उघडते. त्यावर क्लिक करताच पान एक कमांड गुपचूप क्लिपबोर्डवर ठेवते आणि पायऱ्या सांगते: विंडोज की आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. वापरकर्ता स्वतःच्या हाताने कमांड चालवतो. ब्राउझरने काही डाउनलोड केलेलेच नसते, त्यामुळे डाउनलोडची तपासणी मध्ये येत नाही. सामान्य कर्मचाऱ्यांसाठी ग्रुप पॉलिसीतून (संस्थेतल्या विंडोज संगणकांना एकत्र लागू होणारे नियम) ‘रन’ खिडकी आणि पॉवरशेल या कमांड चालवायच्या साधनांचा वापर बंद करणे, हा यावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. कामाला ज्यांना खरोखर लागतो, त्यांना अपवाद द्यावा.

एक्स्टेन्शन हा याहून सोपा दरवाजा. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी मिळालेले एक्स्टेन्शन लॉगिन केलेल्या कोणत्याही पानातला मजकूर वाचू शकते, आणि कुकींची परवानगीही असेल तर त्या थेट मागू शकते. शिवाय एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतात. 24 डिसेंबर 2024 ला सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याने एका फसव्या ॲपला गुगलच्या खऱ्या पानावर संमती दिली. पासवर्ड गेला नाही, टू-फॅक्टर मध्ये आलेच नाही. त्या संमतीच्या बळावर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती क्रोम स्टोअरवर चढली.

बंदोबस्त

सर्वांत आधी लॉगिन पासकी (उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा एफआयडीओ2 सुरक्षा की (त्याच कामाचे छोटे हार्डवेअर) यांवर न्यावे. यात पासवर्डसारखे पाठवायचे गुपितच नसते. नोंदणीच्या वेळी किल्ल्यांची एक जोडी तयार होते आणि ती डोमेनशी बांधली जाते. लॉगिन करताना ब्राउझर स्वतः पाहतो की पान कोणत्या डोमेनवर आहे, आणि ते डोमेन सहीमध्ये जाते. प्रॉक्सीचे डोमेन वेगळे, म्हणून त्या पानावर किल्ली वापरलीच जात नाही. माणूस फसला तरी ब्राउझर फसत नाही. जुलै 2022 मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या तीन कर्मचाऱ्यांनी फिशिंग पानावर पासवर्ड भरले होते. सुरक्षा की सक्तीची असल्याने हल्ला तिथेच अडला.

इथेच बहुतेक संस्था एक चूक करतात. पासकी देतात, पण एसएमएस ओटीपीचा जुना पर्याय चालू ठेवतात. प्रॉक्सी मग पानातून पासकीचा पर्याय लपवतो आणि कर्मचारी निमूट ओटीपी टाकतो. पासकी ‘उपलब्ध’ असून भागत नाही, ती सक्तीची हवी. सुरुवात ॲडमिन, वित्त आणि मनुष्यबळ विभागांच्या खात्यांपासून करावी. प्रत्येकाला दोन की द्याव्यात, कारण एकच दिली आणि ती हरवली की हेल्पडेस्क घाईत जुना पर्याय चालू करून देतो. हेल्पडेस्कने नवी की देताना व्हिडिओवर किंवा वरिष्ठांमार्फत ओळख पटवण्याचा नियमही लेखी असावा.

दुसरा थर यंत्राचा. संस्थेत नोंदणी झालेल्या, नियमात बसणाऱ्या उपकरणावरूनच लॉगिन चालेल, अशी अट ओळख-सेवेत (संस्थेची लॉगिन सांभाळणारी सेवा) लावता येते. प्रॉक्सीमार्फत आलेल्या लॉगिनमध्ये उपकरणाचा पुरावा नसतो, आणि तो पुढे ढकलताही येत नाही. चोरलेली कुकी दुसऱ्या यंत्रावर चालूच नये यासाठी गुगलने एप्रिल 2024 मध्ये ‘डिव्हाइस बाउंड सेशन क्रेडेन्शियल्स’ हा प्रस्ताव मांडला. त्यात कुकी अल्पायुषी असते, आणि ती नवी करून घेण्यासाठी संगणकातल्या टीपीएम या सुरक्षा चिपमधली खासगी किल्ली आपल्याकडे असल्याचे ब्राउझरला प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. ही किल्ली चिपबाहेर निघत नाही. मूळ दुखण्यावरचा उपाय हाच आहे असे आम्हाला वाटते, आणि आपल्या सेवा-पुरवठादाराकडे त्याची मागणी संस्थांनी आग्रहाने करावी.

ब्राउझर मोकाट सोडू नये. क्रोम आणि एज दोन्हींमध्ये एक्स्टेन्शनच्या ब्लॉकलिस्टमध्ये फक्त तारांकन टाकले की सगळी एक्स्टेन्शन बंद होतात. मग लागतील तेवढी अलाउलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, घालावीत. पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडतो, म्हणून आधी महिनाभर कोण काय वापरते याची यादी जमवावी. घरच्या खात्याशी ब्राउझर सिंक बंद ठेवावा, नाहीतर कार्यालयाचे पासवर्ड घरच्या असुरक्षित संगणकावर पोहोचतात. रिमोट डीबगिंग (दुसऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर चालवू देणारी सोय) हेही पॉलिसीतून बंद करावे, कारण त्या मार्गाने मालवेअर ब्राउझरकडूनच उघड्या कुकी मागून घेते. पासवर्ड मॅनेजर मात्र जरूर द्यावा. तो डोमेन अक्षर न् अक्षर जुळवतो. ओळखीच्या पानावर त्याने पासवर्ड भरला नाही, तर तो हाताने टाकायचा नाही, ही एक सवय कर्मचाऱ्यांना लावली तरी तासाभराच्या प्रशिक्षणापेक्षा अधिक पदरात पडते.

ॲपना संमती देण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्यांकडून काढून ॲडमिनकडे घ्यावा. डिव्हाइस कोडने लॉगिन करण्याची सोय (एका यंत्राने दाखवलेला कोड दुसऱ्यावर टाकून पहिल्यावर लॉगिन) कोणी वापरत नसेल तर तीही बंद करावी. ती टीव्ही, मीटिंग रूमची यंत्रे अशांसाठी आहे, पण हल्लेखोर स्वतः कोड तयार करून मीटिंगच्या निमंत्रणातून पाठवतात, आणि खऱ्या पानावर टाकलेला तो कोड हल्लेखोराचे सेशन उघडून देतो.

स्वतःचे वेब ॲप चालवणाऱ्यांनी सेशन कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट हे तिन्ही गुणधर्म लावावेत. पहिल्याने पानातल्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, दुसऱ्याने ती फक्त एचटीटीपीएसवर जाते, तिसऱ्याने परक्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत ती जाण्यावर मर्यादा येते. लॉगिन होताच सेशन आयडी नवा द्यावा. निष्क्रिय सेशनसाठी ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शिकेत जोखमीच्या ॲपना 2 ते 5 मिनिटे आणि कमी जोखमीच्या ॲपना 15 ते 30 मिनिटे अशी मुदत दिलेली आहे. बँक तपशील बदलणे किंवा नवा ॲडमिन जोडणे अशा कृतींपूर्वी पासकी पुन्हा मागावी. आणि ‘लॉगआउट’ दाबल्यावर सेशन सर्व्हरवर खरोखर संपते का, ते तपासावे. अनेक ॲप फक्त ब्राउझरमधली कुकी पुसतात, चोराकडची प्रत चालूच राहते.

तांत्रिक मदतीसाठी पाठवल्या जाणाऱ्या हार फाइलींकडेही लक्ष हवे. ब्राउझरच्या वाहतुकीची ती पूर्ण नोंद असते, कुकींसकट. 2023 मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा कंपनीच्या ग्राहक-सहाय्य यंत्रणेतून अशाच फाइली चोरीला गेल्या. 134 ग्राहकांच्या फाइलींपर्यंत हल्लेखोर पोहोचले आणि त्यांतल्या टोकनांनी 5 ग्राहकांची सेशन ताब्यात घेतली. फाइल पाठवण्याआधी कुकी आणि ऑथोरायझेशन हेडर काढून टाकावेत, आणि पाठवल्यावर ते सेशन संपवावे.

चोरी झालीच तर

नोंदींमध्ये शोधायचे ते एकाच सेशन आयडीचे दोन चेहरे: सकाळी एका नेटवर्कवरून विंडोजवरचे एज, दहा मिनिटांनी दुसऱ्या पुरवठादाराच्या आयपीवरून लिनक्सवरचे क्रोम. फक्त दूरच्या देशातून आलेल्या लॉगिनवर अलर्ट लावून भागत नाही, कारण हल्लेखोर त्याच शहरातल्या घरगुती जोडण्यांमागून येतात. लॉगिननंतर लगेच झालेली नव्या टू-फॅक्टर साधनाची नोंदणी आणि इनबॉक्समध्ये ‘इनव्हॉइस’ शब्दाचे मेल दुसरीकडे हलवणारा नवा नियम, या दोन खुणा आम्ही सर्वांत वर ठेवतो.

प्रतिसादात क्रम महत्त्वाचा. केवळ पासवर्ड बदलून थांबणे हा नेहमीचा घोटाळा. अनेक सेवांमध्ये चालू सेशन त्याने मरत नाही. आधी खाते तात्पुरते गोठवावे आणि सगळी सेशन व रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता नवा प्रवेश मिळवून देणारी) रद्द करावीत. मग पासवर्ड बदलावा, अनोळखी टू-फॅक्टर साधने आणि उपकरणे काढावीत, ॲपना दिलेल्या संमती तपासाव्यात, मेल फॉरवर्डिंगचे नियम पुसावेत. इन्फोस्टीलरचा संशय असेल तर हे सगळे दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून करावे आणि बाधित यंत्र पुसून नव्याने उभारावे. बाधित यंत्रावरूनच नवा पासवर्ड टाकला तर तोही लगेच निघून जातो. टोकन रद्द केले तरी आधी दिलेले ॲक्सेस टोकन (थोड्या वेळापुरता प्रवेश देणारे) मायक्रोसॉफ्टच्या सेवांमध्ये साधारण 60 ते 90 मिनिटे चालू राहू शकते, सततच्या पडताळणीची सोय असलेली ॲप वगळता. त्या तास-दीड तासात खात्यावर काय हालचाल होते, हे कोणीतरी नोंदींसमोर बसून पाहायला हवे, आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा ते नाव आधीच ठरलेले हवे.