मूलपेशी व ऑर्गनॉइड

ऑर्गनॉइड म्हणजे मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला पेशींचा छोटा त्रिमितीय गोळा. त्याची अंतर्रचना आणि काही कामे एखाद्या खऱ्या अवयवासारखी असतात. ‘अवयवाभ’ हा प्रतिशब्द अर्थाला नेमका आहे, पण संशोधकांच्या बोलण्यात ‘ऑर्गनॉइड’च रुळला असल्याने या नोंदीत तोच वापरला आहे. बातम्यांमध्ये त्याला ‘बशीतला मेंदू’ किंवा ‘चिमुकले यकृत’ म्हणतात. ही नावे दिशाभूल करतात. मेंदूचा ऑर्गनॉइड फार तर काही मिलिमीटरचा असतो, आतड्याचा त्याहूनही लहान. त्यात सहसा रक्तवाहिन्या नसतात आणि त्याच्या पेशी प्रौढ अवयवापेक्षा गर्भातल्या अवयवाशी अधिक जुळतात. तरीही वैद्यकात त्याचे मोल मोठे आहे. माणसाच्या अवयवात आजार कसा घडतो, हे माणसाला हात न लावता पाहण्याची सोय त्याने करून दिली.

मूलपेशी : शरीरातील बहुतेक पेशी एकेका कामाला वाहिलेल्या असतात आणि त्यांपैकी पुष्कळशा फार काळ जगत नाहीत. लाल रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांतच झडून जातात. ही झीज भरून काढतात त्या मूलपेशी. मूलपेशी विभागते तेव्हा आपल्यासारखी पेशी मागे राखते आणि विशिष्ट काम करणारी पेशीही घडवते. रक्त, त्वचा आणि आतडे यांच्याकडे अशा पेशींचा चांगला साठा असतो. हृदयाच्या स्नायूकडे तो जवळजवळ नसतो, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी नवा स्नायू न येता व्रण राहतो.

मूलपेशींचा पहिला खणखणीत पुरावा रक्तातून मिळाला. टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी उंदरांना प्रारणाची मारक मात्रा देऊन त्यांची अस्थिमज्जा नष्ट केली आणि दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतील पेशी त्यांना टोचल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. १९६१ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. अशी एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते आणि त्या एका पेशीतून रक्तपेशींचे वेगवेगळे प्रकार निघतात, हे १९६३ पर्यंत स्पष्ट झाले. अस्थिमज्जा रोपणाचे प्रयत्न मात्र त्याआधीच सुरू झाले होते. त्यातले अग्रणी डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताचा कर्करोग आणि रक्ताचे काही आनुवंशिक आजार यांवर हे रोपण आज प्रस्थापित उपचार आहे. मूलपेशी-उपचारांविषयी जे जे ऐकू येते, त्यात दशकानुदशकांच्या अनुभवाचे असे पाठबळ दुसऱ्या फार थोड्या उपचारांना आहे.

त्वचेची गोष्ट तितकीच महत्त्वाची असूनही कमी सांगितली जाते. १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हावर्ड ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत शोधली. पुढे भाजलेल्या रुग्णांसाठी त्यांच्याच पेशींपासून त्वचेचे पातळ पापुद्रे वाढवले जाऊ लागले. या वाटेचा सर्वांत हेलावून टाकणारा टप्पा २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे आला. त्वचा जराशा घर्षणानेही सुटून येते अशा आनुवंशिक आजाराच्या एका सात वर्षांच्या मुलाची बहुतांश बाह्यत्वचा गेली होती. इटलीतील मोडेना येथील मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या शिल्लक त्वचेचा एक लहान तुकडा घेतला, त्यातील पेशींत सदोष जनुकाची निरोगी प्रत घातली आणि मोठाले पापुद्रे वाढवून पाठवले. शल्यचिकित्सकांनी मुलाच्या शरीराचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग या पापुद्र्यांनी झाकला. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले तोवर तो शाळेत जाऊ लागला होता. त्याच्या त्वचेच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली : एवढी सगळी त्वचा दीर्घकाळ टिकवून धरत होत्या त्या थोड्याशा मूलपेशी.

बहुक्षम पेशी : त्वचेची मूलपेशी त्वचाच घडवते. शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशींना बहुक्षम म्हणतात. अशा पेशी काही दिवसांच्या भ्रूणात थोडा काळ असतात. उंदराच्या भ्रूणातून त्या १९८१ मध्ये वेगळ्या काढल्या गेल्या. मानवी भ्रूणातून त्या मिळवण्याचे काम १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी केले. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागतो, म्हणून अनेक देशांत तीव्र नैतिक वाद उभा राहिला.

या वादातून बाहेर पडण्याची वाट क्योतोमध्ये सापडली. शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी बहुक्षम पेशींत कार्यरत असणारी २४ जनुके निवडली, ती उंदराच्या साध्या पेशींत घातली आणि मग एकेक जनुक वगळून पाहिले. अखेर चारच जनुके पुरेशी ठरली. त्यांच्या प्रभावाखाली मोठी झालेली, काम वाटून दिलेली पेशी पुन्हा भ्रूणावस्थेसारखी कोरी झाली. हे २००६ मध्ये उंदरात साधले आणि २००७ मध्ये मानवी पेशींत. या पेशींना प्रेरित बहुक्षम मूलपेशी किंवा थोडक्यात आयपीएस पेशी म्हणतात. पेशी घडताना तिची जनुके पुसली जात नाहीत, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकावरील प्रयोगातून दाखवले होते. २०१२ चे नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून देण्यात आले. रुग्णाच्या चिमूटभर त्वचेतून किंवा थोड्या रक्तातून त्याचेच चेतापेशी, यकृतपेशी आणि हृदयाचे स्नायू बशीत वाढवता येऊ लागले, हा या शोधाचा खरा लाभ.

ऑर्गनॉइड कसे घडतात : सुट्या केलेल्या पेशी आपापली जागा पुन्हा शोधतात, हे बरेच आधी लक्षात आले होते. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज हा सागरी प्राणी बारीक कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी एकत्र आल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. ऑर्गनॉइडच्या मुळाशी हाच स्वसंघटनाचा गुण आहे. संशोधक अवयवाचा आराखडा आखत नाहीत, विटेवर वीट ठेवत नाहीत. ते योग्य आधार आणि योग्य रासायनिक संकेत पुरवतात, बांधकाम पेशीच करतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आतड्याचे आहे. लहान आतड्याच्या अस्तरात बोटांसारखे रसांकुर असतात आणि त्यांच्या बुडाशी खोल खळगे. खळग्यांच्या तळाशी राहणाऱ्या मूलपेशी एलजीआर५ या प्रथिनाच्या खुणेवरून ओळखता येतात, हे नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. दोन वर्षांनी तोशिरो सातो यांनी क्लेव्हर्स यांच्याच प्रयोगशाळेत अशी एकटी पेशी घेतली, प्रथिनांच्या मऊ जेलमध्ये ठेवली आणि खळग्याच्या तळाशी तिला जे संकेत मिळतात त्यांतले मोजके वाढघटक पुरवले. पेशी विभागू लागली, पोकळ गोळा झाला, गोळ्याला कोंब फुटले आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाशी नवा खळगा तयार झाला. अन्न शोषणाऱ्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या, संप्रेरके सोडणाऱ्या पेशी आपापल्या जागी हजर होत्या. एकाच पेशीतून हे सगळे झाले. शरीराबाहेर, शेजारच्या ऊतींची सोबत नसताना आतड्याच्या अस्तराची घडण इतकी शिस्तीत व्हावी, हे आजही थक्क करणारे आहे.

दुसरी वाट बहुक्षम पेशींची. जपानमध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने २०११ मध्ये उंदराच्या भ्रूण-मूलपेशींपासून डोळ्याच्या पेल्यासारखी रचना वाढवली. पेशींचा पापुद्रा कोणीही न वळवता स्वतःच आत वळला, जसा तो गर्भात वळतो. २०१३ मध्ये व्हिएन्नामध्ये मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मानवी पेशींपासून मेंदूचे ऑर्गनॉइड वाढवले. जन्मतः मेंदू लहान असलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून केलेले ऑर्गनॉइड निरोगी पेशींच्या ऑर्गनॉइडपेक्षा लहान राहिले आणि त्याचे कारणही दिसले : मूळ पेशी पुरेशा संख्येने वाढण्याआधीच चेतापेशी होऊन बसत होत्या. उंदरात हा आजार नीट उतरवता येत नव्हता. उत्रेख्तची वाट प्रौढ ऊतीतून सरळ त्या ऊतीकडे जाते. या दुसऱ्या वाटेने गर्भाची वाढ पायरीपायरीने पुन्हा घडवावी लागते. त्यामुळे ती लांबची आहे. पण मेंदूसारख्या, ज्याचा नमुना रुग्णाकडून सहज घेता येत नाही अशा अवयवासाठी तिचाच आधार आहे.

आजार समजून घेण्यासाठी : सध्या ऑर्गनॉइडचे सर्वांत ठोस योगदान उपचार निवडण्यात आहे आणि त्यात सिस्टिक फायब्रोसिस हा आजार आघाडीवर आहे. या आनुवंशिक आजारात सीएफटीआर नावाचे प्रथिन बिघडते. पेशीतून क्षार आणि पाणी नीट बाहेर जात नाही, फुप्फुसात चिकट कफ साचतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले, पण त्यात दोन हजारांच्या आसपास वेगवेगळे बदल नोंदले गेले आहेत. त्यांतले काही इतके विरळ आहेत की त्यांच्यासाठी रुग्ण जमवून औषधाची नेहमीची चाचणी करणे अशक्यच. उत्रेख्तमधील संशोधकांनी रुग्णाच्या गुदाशयाच्या अस्तराचा बारीकसा नमुना घेऊन ऑर्गनॉइड वाढवले आणि त्यांना एक विशिष्ट रसायन दिले. प्रथिन चालू असेल तर पाणी आत शिरून गोळा फुगतो, बिघडलेले असेल तर तसाच राहतो. मग औषध घालून पाहायचे. फुगला, तर त्या रुग्णाला ते औषध लागू पडण्याची शक्यता चांगली. ही पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. विरळ बदल असलेल्या रुग्णांना औषध मिळवून देण्यास तिची मदत झाली आहे. एका गोळ्याच्या फुगण्यावरून एका माणसाच्या श्वासाचा निर्णय व्हावा, इतका थेट दुवा वैद्यकात क्वचितच पाहायला मिळतो.

२०१५-१६ मध्ये झिका विषाणूची साथ पसरली आणि लहान डोक्याची बाळे जन्मू लागली, तेव्हा हा विषाणू मेंदूच्या प्रारंभिक पेशींना गाठून मारतो, हे मेंदूच्या ऑर्गनॉइडवर काही महिन्यांतच दाखवता आले. कर्करोगाच्या गाठीपासूनही ऑर्गनॉइड वाढवतात आणि कोणते औषध त्या गाठीवर चालेल हे आधी बशीत तपासतात. मात्र वाढीला लागणारे आठवडे प्रत्येक रुग्णाकडे असतातच असे नाही. स्टॅनफर्डमध्ये सर्जिउ पाश्का यांनी मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचे ऑर्गनॉइड एकमेकांना जोडून चेतापेशी एका भागातून दुसऱ्याकडे सरकताना पाहिल्या. अशा जोडगोळ्यांना असेंब्लॉइड म्हणतात.

औषधांच्या चाचण्यांवरही याचा परिणाम होत आहे. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने नव्या औषधाची मानवी चाचणी सुरू करण्याआधी प्राण्यांवरील प्रयोगांची सक्ती काढली आणि पेशींवर आधारित पद्धतींना वाट दिली. त्याने प्राण्यांवरील प्रयोग लगेच थांबलेले नाहीत. औषध यकृतात बदलून मूत्रपिंडावर काय करते, हे एकट्या ऑर्गनॉइडला सांगता येत नाही.

प्रत्यक्ष उपचार : सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखाली, वयोमानाने दृष्टिपटल झिजलेल्या सत्तरीतल्या एका महिलेच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून वाढवलेला पापुद्रा बसवला गेला. आयपीएस पेशींपासून बनवलेल्या ऊतीचे माणसात झालेले हे पहिले रोपण. तिची दृष्टी सुधारली नाही, पण घसरणही थांबली आणि गाठ झाली नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, म्हणून रोपण थांबवण्यात आले. तो निर्णय मला या क्षेत्रातल्या यशांइतकाच मोलाचा वाटतो. बहुक्षम पेशींची विभागण्याची ताकद हीच त्यांची जोखीमही आहे : एखादी कोरी पेशी शिल्लक राहिली तरी तिची गाठ होऊ शकते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती मारते. मूलपेशींपासून तयार केलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी यकृताच्या रक्तवाहिनीत सोडण्याच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र घ्यावी लागतात, आणि त्यांचा धोका लहान नाही. त्याच वर्षी कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) दोन छोट्या चाचण्यांतून, मेंदूत रोपलेल्या, डोपामीन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी तिथे टिकतात आणि गंभीर धोका दिसत नाही, असे कळले. खुद्द ऑर्गनॉइडचे रोपणही झाले आहे : २०२२ मध्ये टोकियोत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह व व्रण होण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या आतड्यातील जखमेवर त्याच्याच पेशींपासून वाढवलेले आतड्याचे ऑर्गनॉइड बसवण्यात आले.

मर्यादा : पूर्ण मूत्रपिंड किंवा यकृत बशीत वाढवून बसवणे अजून दूर आहे. प्राणवायू ऊतीत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे झिरपत नाही. रक्तवाहिन्या नसल्या की मोठ्या ऑर्गनॉइडचा गाभा मरतो. वाढीसाठी वापरले जाणारे नेहमीचे जेल उंदराच्या गाठीतून काढतात. त्याची प्रत्येक खेप थोडी वेगळी असते, त्यामुळे एका प्रयोगशाळेतील ऑर्गनॉइड दुसरीतल्यासारखे होतीलच असे नाही. माणसात रोपण करायचे तर ते जेल चालत नाही. कृत्रिम जेलवर काम चालू आहे.

मेंदूच्या ऑर्गनॉइडमध्ये विद्युत हालचाल दिसते, म्हणून त्यांना काही जाणवत असेल का, असा प्रश्न गांभीर्याने विचारला जातो. आजच्या ऑर्गनॉइडला ज्ञानेंद्रिये नाहीत, देह नाही, प्रौढ मेंदूची जोडणीही नाही. त्यामुळे वेदना किंवा जाणीव मानायला आधार नाही. पण रचना गुंतागुंतीच्या होत चालल्या आहेत आणि मर्यादा कुठे घालायची हे आधीच ठरवणे शहाणपणाचे. पेशी देणाऱ्या माणसाला त्या पेशींचे पुढे काय होणार, हे सांगून संमती घेणे तर आजच हातात आहे.

अप्रमाणित उपचार : ‘मूलपेशी’ हे नाव वापरून गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर इलाज विकणारी केंद्रे अनेक देशांत आहेत. बहुधा रुग्णाच्या पोटावरची चरबी काढून, तिच्यातील पेशी वेगळ्या करून दुसरीकडे टोचल्या जातात. चरबीतल्या पेशी डोळ्यात गेल्यावर दृष्टिपटल होत नाहीत. अमेरिकेत अशा पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गंभीरपणे गेल्याचा वृत्तांत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. खऱ्या चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत असते, नैतिकता समितीची परवानगी असते, आणि प्रयोगाखालच्या उपचारासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेतले जात नाहीत. एकच इंजेक्शन दहा आजारांवर चालते असे कोणी सांगत असेल, तर त्या दहांपैकी आपल्या आजारावरचा प्रसिद्ध झालेला पुरावा मागून घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत सुई टोचू देऊ नये.